वळवाच्या पावसानंतर नॅस चालू होईना? बोर्ड गेला म्हणायच्या आधी अडॅप्टर बघा

सर, तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असं झालंय की खानापुरात तुमच्या घरी दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेलं फायली साठवायचं खोकं) आहे, चार-चार टीबीच्या दोन डिस्क मिरर करून, म्हणजे दोन्हीवर तेच साठेल अशा लावल्यात, त्यात शाळेचे जुने फोटो, नातवंडांचे व्हिडिओ आणि जमिनीचे स्कॅन केलेले उतारे. वळीव पडला त्या रात्री करंट तीन-चार वेळा गेला-आला आणि सकाळी बघता तर खोकं मेल्यागत पडलंय, बटण दाबलं की पंखा अर्धा सेकंद फिरतो आणि गप्प. अडॅप्टरवरचा हिरवा दिवा मात्र लागायलाय, त्यामुळं दुकानदार म्हणाला अडॅप्टर चांगला आहे, बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) गेला, नवीन घ्या, डेटाची गॅरंटी नाही. आणि तुम्ही विचारलंय की जावयांच्या लॅपटॉपच्या अडॅप्टरची पिन बसतेय तर तो लावून बघू का, नाहीतर डिस्क काढून मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या नॅसमध्ये घालू का.

आधी या दोन गोष्टींचं सांगतो, कारण बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल. लावू नका आणि घालू नका. लॅपटॉपचा अडॅप्टर १९ किंवा २० व्होल्टचा असतो, तुमचा नॅस १२ व्होल्टचा. पिन बसली म्हणजे जमलं असं नसतंय, पिनेला काय कळतंय किती व्होल्ट आलेत ते. हार्डडिस्कच्या हिरव्या सर्किटच्या पट्टीवर जास्त व्होल्टेज अडवायला एक बारका टीव्हीएस डायोड असतो, तो स्वतः शॉर्ट होऊन डिस्कला वाचवायचा प्रयत्न करतो, पण १९ व्होल्ट आले तर दोन्ही डिस्कचे डायोड एकदमच जातात आणि मग मिरर असून काय उपयोग, दोन्ही एकाच वेळी गेल्या की. माझ्याकडं अशी केस आलीय, अडॅप्टर बदलून भागलं असतं तिथं डिस्क रिकव्हरीवाल्याकडं पाठवाव्या लागल्या. आणि दुसऱ्या कंपनीच्या नॅसमध्ये डिस्क घातली की तो विचारतो सेटअप करू का, माणूस घाईत हो म्हणतो आणि तो सगळं पुसून आपलं नवं घर मांडून बसतो.

मी वीस-बावीस वर्षं हेच करतोय. सुरुवात बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या पॅनेलमधले पॉवर सप्लाय दुरुस्त करण्यापासून झाली, नंतर यूपीएस, कॉम्प्युटर, आता कॅमेऱ्याचे डीव्हीआर (रेकॉर्डिंगची खोकी) आणि नॅस. तर अनुभवावरून सांगतो, तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे पंखा जरासा फिरून थांबणं, ही बोर्ड गेल्याची कमी आणि अडॅप्टर दमल्याची जास्त आहेत. बोर्ड साफ गेला असता तर बहुतेक वेळा पंखा हललाही नसता. पंखा हलतोय म्हणजे आत करंट पोचतोय, बोर्ड उठायचा प्रयत्न करतोय, पण उठताना जेवढं बळ लागतं तेवढं मिळेना.

आता लोक म्हणतात की करंट गेल्यामुळं मशीन गेलं. जाताना काय होत नाही हो, डिस्क फिरायच्या थांबतात एवढंच, फार तर अर्धवट लिहिलेली फाईल खराब होते. मारतो तो येताना. अडॅप्टरच्या आत तोंडालाच एनटीसी नावाची एक काळी-हिरवी चकती असते, ती थंड असताना करंट अडवून धरते म्हणजे सुरुवातीचा धक्का मऊ होतो, आणि गरम झाली की वाट मोकळी करते. करंट जाऊन दोन सेकंदात परत आला तर ती चकती अजून गरमच असते, अडवायला कोण नाही, सगळा धक्का डायोड आणि कपॅसिटरवर (वीज साठवून धरणारा भाग). वळवात तेच होतंय, झाडाची फांदी तारेला घासते, लाईन ट्रिप होते, येते, परत ट्रिप होते. त्यात शेजारपाजारचे फ्रिज, बोअरचे पंप सगळे एकदम चालू होतात, व्होल्टेज खाली जातं, पंप बंद झाले की वर उसळतं. एका रात्रीत चार वेळा असं झालं की आधीच म्हातारा झालेला अडॅप्टर बसतो.

आणि म्हातारा का, तर नॅस चोवीस तास चालू असतो. आतले कपॅसिटर चार-पाच वर्षं गरम हवेत राहून सुकतात. गंमत अशी की सुकलेला कपॅसिटर गरम असेपर्यंत काम ओढतो, त्यामुळं चालू असलेला नॅस चालूच राहतो, कुणाला पत्ता नाही. एकदा बंद होऊन थंड झाला की मग उठत नाही. म्हणून लोकांना वाटतं कालपर्यंत तर चांगला होता. चांगला नव्हता सर, फक्त बंद करून बघितलं नव्हतं.

आता हिरव्या दिव्याचं. तो दिवा पेटायला काही मिलीअँपिअर पुरतात. नॅसचं गणित बघा, साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना एकटी १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढते, दोन डिस्क म्हणजे तीन-चार अँपिअर झाले, वर बोर्ड आणि पंखा. एकदा फिरायला लागल्या की डिस्कमागं पाच ते आठ वॅटवर भागतं. म्हणजे सगळा जोर पहिल्या पाच-दहा सेकंदांतच लागतो, आणि दमलेला अडॅप्टर तिथंच मान टाकतो. म्हणून मल्टिमीटर लावून १२.१ व्होल्ट आले, अडॅप्टर ओके, हे चूक. लोड नसताना १२ कुणीही दाखवतो. दुकानदारानं तेवढंच बघितलं असणार, त्याचा पण दोष नाही, गर्दीत कोण लोड लावून बघतंय.

घरी करायचं ते असं. आधी सगळं काढा, भिंतीतनं पिन काढा, लॅनची म्हणजे नेटवर्कची वायर काढा, यूएसबीला काही लावलं असेल तर ते काढा. नॅसचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवा. काही अडॅप्टर धक्का बसला की स्वतःला कुलूप लावून घेतात आणि पूर्ण रिकामे झाल्याशिवाय उघडत नाहीत, नुसत्या एवढ्यानं चालू झालेले नॅस मी बघितलेत. मग भिंतीतल्या सॉकेटलाच थेट लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको, जुन्या यूपीएसवर तर नकोच, कारण यूपीएसची बॅटरी मेलेली असली तरी त्याचा दिवा पण असाच हिरवा लागतोय.

नाही झालं तर डिस्क बाहेर काढा. काढायच्या आधी पेनानं कागदाच्या चिकटपट्टीवर १ आणि २ लिहून चिकटवा, कुठली कुठल्या खणातली. हे विसरू नका आणि अडॅप्टर लावलेला असताना डिस्क ओढू नका. आता डिस्कशिवाय चालू करा. दिवे लागले, पंखा फिरत राहिला, बीप आला तर बोर्ड जिवंत आहे, अर्धी काळजी मिटली. मग दोनच शक्यता उरतात, एकतर अडॅप्टर लोड ओढेना किंवा एका डिस्कची पट्टी शॉर्ट आहे. डिस्कची पट्टी मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (शॉर्ट दाखवणाऱ्या सेटिंगवर) बघा असं सांगणार होतो, पण ते राहू दे, डिस्कच्या पिनांशी खेळण्यापेक्षा आधी अडॅप्टरचा सोक्षमोक्ष लावू, तो बरोबर निघाला तर डिस्ककडं वळू.

अडॅप्टर तपासायला माझी गावठी पद्धत आहे. गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे बल्ब दोन-तीन आणा, कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतात. एक बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, दोन लावले की साडेतीन, म्हणजे जवळजवळ तुमच्या दोन डिस्क. एक-एक करून जोडा आणि मीटरवर व्होल्टेज बघत राहा. हेडलाईटचा मोठा बल्ब लावून बघायचा मोह होतोय पण नको, बल्बची तार थंड असताना चालू असतानापेक्षा दहापट करंट ओढते आणि चांगला अडॅप्टर पण घाबरून बंद पडतो, मग तुम्ही चांगल्याला वाईट म्हणाल. दोन बल्बवर पाच मिनिटं ११.४ च्या वर टिकला तर पास. १० वर आला, बल्ब लुकलुकायला लागले, अडॅप्टरचा दिवा टिक-टिक करत विझायला-पेटायला लागला तर तो गेला. बल्ब हातानं धरू नका, चटका बसतो, आणि तारा एकमेकांना लागू देऊ नका. हे जमत नसेल तर सोडा, बेळगावात कुणाही कॅमेरा बसवणाऱ्या पोराकडं १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर असतो, पाच मिनिटं मागून लावून बघा, पण त्याच्यात तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

व्होल्ट तेच, १२. अँपिअर तेवढेच किंवा जास्त, जास्त असले तर काय बिघडत नाही, नॅस लागतो तेवढाच ओढतो. आणि पिन. गोल पिन बाहेरून बहुतेक साडेपाच मिलीमीटरची असते पण आतलं भोक २.१ किंवा २.५, आणि इथं लय फसतात. २.१ वाली २.५ च्या सॉकेटमध्ये जातच नाही ते बरं, पण २.५ वाली २.१ मध्ये सैल बसते, हलली की करंट तुटतो, ठिणगी पडते, आणि माणूस म्हणतो नवीन अडॅप्टर लावून पण नॅस मध्येच बंद पडायलाय. मधला भाग प्लस आहे का ते लेबलवरच्या चित्रात बघा. तुमच्या नॅसला चार काड्यांची गोल पिन असेल तर मात्र बाजारातला कुठलाही लावू नका, चार काड्यांत प्लस कुठं मायनस कुठं हे कंपनीगणिक बदलतं.

विकत घेताना वजन बघा. लेबलवर ५ अँपिअर लिहिलेला आणि हातात पिसासारखा हलका असेल तर तो दोनच अँपिअर देणार. बीआयएसचा शिक्का आणि आर-ने सुरू होणारा नंबर असलेला घ्या. हजाराच्या आतबाहेर मिळून जातोय. जुना उघडून कपॅसिटर बदलू का असं विचाराल, तर तुम्ही नको. अडॅप्टर चिकटवलेला असतो, फोडावा लागतो, आणि आत मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं, पिन काढल्यावर पण काही वेळ राहतं. माझ्या बोटाला एकदा बसलाय, दोन दिवस चहाचा कप धरता येईना.

वडगावात एका मागवाल्याच्या घरी अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. त्यानं एका दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा नॅस घेतला, जुना भंगारात टाकायला माझ्याकडं आणला, मी दुसरा अडॅप्टर लावला तर बीप देऊन उठला. त्याला आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला, बरोबर आहे की.

आता समजा चांगला अडॅप्टर लावून, डिस्क काढून पण काहीच नाही. तेव्हा पुढचं बघायचं. पॉवर बटणाची पट्टी निसटलीय का, रॅम काढून कोरड्या ब्रशनं साफ करून परत बसवा. इंटेलसारखा प्रोसेसर असलेल्या बऱ्याच नॅसमध्ये कॉम्प्युटरसारखा सीआर२०३२ बटण सेल असतो, तीन व्होल्टचा, तो अडीचवर आला तर काही बोर्ड उठताना अडतात, चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे. आपल्याकडं आणखी एक भानगड, खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसात चार महिने दमटपणा असतो आणि गरम खोक्यात मुंग्या घर करतात, पाली जातात. उघडल्यावर बोर्डवर पांढरट-हिरवट डाग दिसले, मुंग्यांची अंडी दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. एका नॅसमध्ये सॉकेटच्या मागं वाळलेली पाल निघाली होती, शॉर्टचं कारण तीच. नशीब तिचं आणि नॅसचं.

चार डिस्कच्या वरचे जे नॅस असतात त्यात बऱ्याचदा पॉवर सप्लाय आतच असतो, तुमचा तसा नाही म्हणून त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की २०१७ मध्ये इंटेलनं मान्य केलं की त्यांच्या ॲटम सी२००० मालिकेत घड्याळाचा सिग्नल काही वर्षांनी मरायचा दोष आहे, आणि तो प्रोसेसर बऱ्याच नॅसमध्ये होता. तसला नॅस चालू असताना ठीक आणि रीस्टार्टला मेला असं होतं, लक्षण अडॅप्टरसारखंच. पण ते मोठे, जुने नॅस, तुमच्या दोन खणाच्या खोक्याशी त्याचा संबंध येण्याची शक्यता कमी.

विजेचं पण विचारून ठेवतो. त्या रात्री घरात दुसरं काय गेलं? राऊटर, सेटटॉप बॉक्स, टीव्ही? बल्ब जास्तच झगझगले होते का? तसं असेल तर न्यूट्रल सैल झाला असणार, तेव्हा २३० च्या जागी तीनशेच्या वर येऊ शकतं आणि मग अडॅप्टर जळका वास मारतो. राऊटर पण गेला आणि नॅसचा लॅन पोर्ट गरम लागतोय तर वीज पॉवरच्या वायरमधनं नाही, लॅनमधनं आली. कौलारू घराच्या वरनं पत्र्यावरनं लॅन केबल किंवा डिशची वायर ओढलेली असते ना, वीज जवळ पडली की ती वायर अँटेनासारखी काम करते. त्या केसमध्ये मात्र दुकानदार बरोबर, बोर्ड गेला.

आणि बोर्ड गेला तरी डेटा गेला असं नाही सर, हे तुमच्या मुलाला पण सांगा म्हणजे घरात जरा शांतता राहील. मिररमध्ये दोन्ही डिस्कवर सगळं सारखंच असतं. तर एक डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवून द्या, तिला हात लावायचा नाही. दुसरीवरच काय ते प्रयोग. सोपा मार्ग म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला नवा नॅस, बहुतेक कंपन्या डिस्क तशाच हलवू देतात, आधी त्यांच्या साईटवर तुमच्या मॉडेलचं नाव यादीत आहे का बघा. नवा घ्यायचा नसेल तर डिस्क सॅटा-टू-यूएसबी डॉकला (डिस्क यूएसबीला जोडायचं स्टँड) लावून कॉम्प्युटरला जोडायची, पण विंडोजला नाही. विंडोजला ही डिस्क ओळखता येत नाही, तो विचारणार फॉरमॅट करू का, इनिशियलाइज करू का, आणि घरातलं कुणीतरी ओके दाबणार. उबंटू या लिनक्स सिस्टीमचा पेन ड्राईव्ह करून त्यावरनं कॉम्प्युटर चालू करा, नॅसच्या आत बहुतेक लिनक्सच असतो, म्हणून उबंटू एमडीएडीएम या प्रोग्रामनं रेड (म्हणजे तुमचा डिस्कचा मिरर) जोडून घेतो, वर एलव्हीएम (डिस्कच्या जागेची वाटणी करणारी व्यवस्था) असेल तर तो पण चालू करावा लागतो, आणि मग फक्त वाचण्यापुरतं माउंट करून दुसऱ्या डिस्कवर कॉपी. हे तुमच्यानं होणार नाही असं मी म्हणत नाही, पण इंजिनिअरिंग कॉलेजातलं एखादं लिनक्स जाणणारं पोरगं बसवून घ्या शेजारी. सेटअपच्या वेळी एन्क्रिप्शन (डेटाला कुलूप) चालू केलं होतं का तेवढं आठवा, केलं असेल तर की फाईल किंवा पासवर्ड लागणारच.

डिस्क लावल्यावर टक-टक आवाज आला, परत परत, तर लगेच बंद. तिथनं पुढं घरगुती उपाय नाहीत.

नॅस उठला की पहिल्या दिवशी तो रेड तपासत बसेल, चार टीबीला काही तास ते दिवसभर लागू शकतो, हळू चालेल, मध्येच बंद करू नका. आणि तेवढ्यात सगळ्यात महत्त्वाचं काय ते बाहेरच्या एका डिस्कवर घ्या. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, डिस्क गेली तर मिरर वाचवतो, विजेनं दोन्ही डिस्क एकदम गेल्या किंवा चुकून फोल्डर पुसला तर दोन्हीकडचं जातंय.

यूपीएसचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. तुमच्याकडं इन्व्हर्टर आहे असं लिहिलंय, त्याच्या मागं एक बारकं बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस. बऱ्याच घरात ते नॉर्मलवरच असतं. त्यात इन्व्हर्टर शंभरपासून पावणेतीनशेच्या वरपर्यंत जे येईल ते सरळ आत सोडतो आणि बदलायला वेळ पण जास्त घेतो, नॅस तेवढ्यात रीस्टार्ट होतो. यूपीएसवर ठेवलं तर साधारण १८० ते २६० च्या बाहेर गेलं की लगेच बॅटरीवर जातो. फुकटचं काम आहे, आजच बघा. पण नॅससाठी वेगळा सहाशे व्हीएचा साधा यूपीएस घेतलात तर बरं, नॅस आणि राऊटर मिळून तीस-चाळीस वॅटच, नवी बॅटरी अर्धा तास सहज ओढते. यूएसबीचा पोर्ट असलेला घ्या, ती वायर नॅसला लावा आणि नॅसच्या सेटिंगमध्ये बॅटरी कमी झाली की स्वतः नीट बंद हो असं करून ठेवा. करंट आला की आपोआप चालू व्हायचं सेटिंग मात्र पावसाळ्यापुरतं बंद ठेवा, करंट दहा मिनिटं टिकला की हातानं चालू करा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तारीख तिच्यावर पेनानं लिहून ठेवा.

अर्थिंग एकदा वायरमनकडनं मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला पाहिजे, दहा-पंधरा दाखवायला लागलं तर खड्ड्यात पाणी-मीठ घालून भागणार नाही, अर्थिंग नवीन करावी लागेल. आणि ढग गडगडायला लागले की नॅसची लॅनची वायर काढून ठेवा, पॉवरची पिन सगळेच काढतात, लॅनची कोण काढत नाही.

आता बल्ब लावून बघा आणि आकडे कळवा, लोड नसताना किती, एक बल्बवर किती, दोन बल्बवर किती. अडॅप्टरच्या लेबलचा आणि पिनेचा फोटो पण टाका, नवीन कुठला घ्यायचा ते मग सांगतो. तोवर डिस्क बाहेर काढूनच ठेवा, कपाटात, पाण्यापासून लांब.